माशांचा ताण : कळ जुनी, उंबरठा ज्याचा त्याचा

१९९३ साली कार्ल वू यांच्या प्रयोगशाळेने माणसाचे एक प्रथिन फळमाशीच्या पेशींत घातले. त्याचे नाव एचएसएफ-१. पेशीला उष्णतेचा तडाखा बसला की हे प्रथिन जागे होते, तिघांच्या जुडीने डीएनएवर जाऊन बसते आणि पेशीला वाचवणारी जनुके चालू करते. माणसाच्या पेशीत ते ४१-४२ अंश सेल्सिअसच्या आसपास जागे होते. फळमाशीच्या पेशीत मात्र तेच प्रथिन, त्यातला एकही दुवा न बदलता, सुमारे १० अंश खाली जागे होऊ लागले. म्हणजे प्रथिन माणसाचे होते आणि तापमान फळमाशीचे. ताणाला उत्तर देणारी जनुके उत्क्रांतीत किती टिकली आणि किती बदलली, या प्रश्नाचे निम्मे उत्तर मला या एका प्रयोगात दिसते. उरलेले निम्मे माशांकडे आहे.

माशांकडेच का, याचे कारण साधे आहे. आपले रक्त ३७ अंशांवर बांधलेले असते. बहुतेक माशांचे शरीर त्यांच्या भोवतालच्या पाण्याइतकेच गरम किंवा थंड राहते, आणि पाणी हरतऱ्हेचे असते. अंटार्क्टिकाच्या मॅकमर्डो परिसरात समुद्र जवळजवळ वर्षभर उणे १.९ अंशांच्या आसपास असतो आणि तिथे मासे राहतात. केनियातल्या मगादी तलावाच्या कडेच्या ऊन झऱ्यांत एक छोटी तिलापिया ४० अंशांहून गरम पाण्यात पोहते. हाडांच्या माशांच्या ३०,००० हून जास्त जाती आहेत. त्या बर्फाखाली, खारफुटीत, तुंबलेल्या डबक्यात आणि कारखान्यांच्या सांडपाण्यातही जगतात. त्यांचा आणि आपला सामाईक पूर्वज सुमारे ४३ कोटी वर्षांपूर्वीचा. एवढ्या काळात, एवढ्या वेगवेगळ्या पाण्यांत, ताणाची यंत्रणा तपासून घेण्याची अशी संधी दुसऱ्या कोणत्याही पृष्ठवंशी गटाने दिलेली नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून घ्यायला हवी. संशोधन निबंधांत ‘ही यंत्रणा टिकून राहिली आहे’ हे वाक्य फार सैलपणे वापरले जाते. काय टिकले? जनुक चालू करणारे प्रथिन टिकले असेल. ते डीएनएवरची जी अक्षरे ओळखते ती टिकली असतील. ते जी जनुके चालू करते त्यांची यादी टिकली असेल. किंवा ते केव्हा, किती तापमानाला, किती विषाला जागे होते तो उंबरठा टिकला असेल. या चार वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांचे नशीब वेगवेगळे निघते. घरातले विजेचे बटण जुने तसेच राहते आणि त्यामागच्या तारा मात्र दर पिढीला कुणीतरी वेगळ्या खोलीत ओढून नेतो, असे काहीसे इथे घडले आहे.

कॉर्टिसॉल या ताणाच्या संप्रेरकापासून सुरुवात करू, कारण तिथे पुरावा सर्वांत दाट आहे. मत्स्यबीज केंद्रावर बोटुकली, म्हणजे माशांची बोटाएवढी पिल्ले, विक्रीला काढतात तो प्रसंग घ्या. तळ्यात जाळे ओढले जाते, बोटुकली हाप्यात, म्हणजे जाळीच्या कप्प्यात, एकवटते, मोजून घेतली जाते आणि पाणी व ऑक्सिजन भरलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत जाते. जाळे अंगाला लागते त्या क्षणी माशाच्या मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमधून सीआरएच नावाचे संप्रेरक सुटते. आपल्यात ते रक्तवाहिन्यांच्या एका छोट्या जाळ्यातून पीयूषिका ग्रंथीपर्यंत पोचते. हाडांच्या माशांत तो रक्तमार्ग नाही. मज्जापेशींचे धागे थेट पीयूषिकेत शिरलेले असतात. पीयूषिका एसीटीएच हे पुढचे संप्रेरक सोडते. माशाला आपल्यासारखी मूत्रपिंडावर टोपीसारखी बसलेली वेगळी ग्रंथी नसते. त्याच्या मूत्रपिंडाच्या डोक्याकडच्या भागात विखुरलेल्या पेशी असतात आणि एसीटीएच पोचले की त्या कॉर्टिसॉल तयार करतात. ट्राउट-सामनच्या कुळात शांत माशाच्या रक्तात दर मिलीलिटरला १० नॅनोग्रॅमहून कमी कॉर्टिसॉल असते. हाताळणीनंतर तासाभरात ते ४० ते २०० पर्यंत चढते. मग ते पेशीत शिरून आपल्या ग्राही प्रथिनाला चिकटते, ग्राही केंद्रकात जातो, डीएनएवर ठराविक जागी बसतो आणि साखर मोकळी करणारी जनुके चालू होतात.

म्हणजे अवयवांची मांडणी निराळी आणि संदेशाची साखळी तीच. साखळीतली पहिली कडी तर थक्क करणारी आहे. सीआरएच हे ४१ अमिनो आम्लांचे संप्रेरक १९८१ मध्ये वायली व्हेल यांच्या गटाने मेंढीच्या मेंदूतून वेगळे केले. पुढे कॅनडात कार्ल लेडेरिस आणि सहकाऱ्यांनी व्हाइट सकर या गोड्या पाण्यातल्या माशाचे सीआरएच वाचले. माणसाच्या आणि या माशाच्या संप्रेरकांत फक्त दोन अमिनो आम्लांचा फरक निघाला. माणूस आणि मेंढी यांच्यात तो सातांचा आहे. नात्याने मेंढी आपल्याला कितीतरी जवळची, पण या एका रेणूपुरती ती माशाहून दूर आहे. टिकून राहणे म्हणजे घराण्याच्या वंशावळीनुसार समान दराने झिजणे नव्हे, हे यातून नीट कळते.

ग्राही प्रथिनाची कथा याहून लांबची आहे. जबडा नसलेला लॅम्प्रे हा मासा पृष्ठवंशी झाडाच्या अगदी खालच्या फांदीवर आहे. त्याच्याकडे कॉर्टिसॉलचे काम ११-डीऑक्सिकॉर्टिसॉल करते, हे २०१० मध्ये दाखवले गेले, आणि त्याच्याकडे या कुळातला ग्राही एकच आहे. आपल्याकडे दोन आहेत. एक कॉर्टिसॉलसाठी, दुसरा मुख्यतः क्षारांचा तोल सांभाळणाऱ्या अल्डोस्टेरोनसाठी. जो थॉर्नटन यांच्या गटाने २००६ मध्ये आजच्या प्राण्यांतल्या जनुकांची तुलना करून सुमारे ४५ कोटी वर्षांपूर्वीच्या मूळ ग्राहीचा क्रम गणिताने काढला, तो प्रयोगशाळेत प्रत्यक्ष बनवला आणि त्याच्यापुढे वेगवेगळी संप्रेरके ठेवून पाहिली. तो पुरातन ग्राही अल्डोस्टेरोनला ओळखत होता, आणि ते संप्रेरक तर पुढे कोट्यवधी वर्षांनी जन्माला आले. नंतर त्याच्या जनुकाच्या दोन प्रती झाल्या आणि एका प्रतीत मोजकेच बदल होऊन ती अल्डोस्टेरोन विसरली आणि कॉर्टिसॉलची झाली. त्यातले दोन अमिनो आम्लांचे बदल निर्णायक ठरले. उत्क्रांतीवर आजवर झालेल्या कामांत मला हे सर्वांत देखणे वाटते, कारण इथे नामशेष झालेला रेणू परत घडवून त्यालाच प्रश्न विचारला आहे.

हाडांच्या माशांच्या पूर्वजात सुमारे ३२ कोटी वर्षांपूर्वी सगळ्या जनुकसंचाची आणखी एक प्रत निघाली. त्यामुळे बहुतेक माशांकडे कॉर्टिसॉलचे दोन ग्राही आहेत. रेनबो ट्राउटमध्ये हे दोन २००३ मध्ये नीट वेगळे करून तपासले गेले. दुसरा ग्राही पहिल्यापेक्षा बऱ्याच कमी कॉर्टिसॉलला जागा होतो. म्हणजे एक शांत दिवसांसाठी, दुसरा संकटासाठी, अशी वाटणी होऊ शकते. आणि ज्या झेब्राफिशवर जगभरातल्या प्रयोगशाळा विसंबून आहेत, तिने नेमकी दुसरी प्रत गमावली आहे. तिच्याकडे एकच ग्राही आहे, आपल्यासारखा. माणसाच्या औषधांसाठी हे सोयीचे आहे. बाकीच्या माशांबद्दल बोलताना मात्र झेब्राफिश हा अपवाद आहे, आणि हे फार थोड्या निबंधांत ठळकपणे लिहिलेले असते.

हा एकुलता ग्राही बिघडला तर काय होते तेही पाहिले गेले आहे. डीएनएला चिकटणाऱ्या भागात दोष असलेली झेब्राफिश मुळात दृष्टीच्या चाचण्यांतून हाती लागली. २०१३ मध्ये तिच्या वर्तनाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. नव्या टाकीत सोडले की ही मासोळी जागच्या जागी थिजते. निरोगी मासोळी थोड्या वेळाने हिंडू लागते, चार वेळा त्याच टाकीत आणली की सरावते. हिला सराव होतच नाही. रक्तात कॉर्टिसॉल भरपूर असते, कारण ‘पुरे झाले’ हा निरोप मेंदूला देणारा ग्राहीच काम करत नाही. पाण्यात फ्लुओक्सेटिन हे माणसांच्या नैराश्यावरचे औषध घातले, किंवा सोबतीला इतर मासे दिले, की ती हिंडू लागते.

‘पुरे झाले’ या निरोपावर मला थोडे थांबायचे आहे, कारण माझ्या वाचनात सर्वांत घट्ट टिकलेली गोष्ट तीच आहे. कॉर्टिसॉलचा ग्राही जागा झाला की एफकेबीपी-५ नावाचे जनुक चालू करतो, आणि त्याचे प्रथिन ग्राहीलाच चिकटून त्याची संवेदना कमी करते. हे माणसात होते, ट्राउटमध्ये होते, झेब्राफिशमध्ये होते. एचएसएफ-१ जागे झाले की एचएसपी-७० आणि एचएसपी-९० ही प्रथिने तयार होतात. ती उष्णतेने वेड्यावाकड्या झालेल्या प्रथिनांना सावरतात आणि मोकळी झाली की एचएसएफ-१लाच धरून निजवतात. प्राणवायू कमी पडल्यावर जागे होणारे एचआयएफ हे प्रथिन स्वतःला नष्ट करवणाऱ्या विकरांचीच जनुके चालू करते. विषारी रसायने ओळखणारा एएचआर हा ग्राही स्वतःच्या दमनकर्त्याचे जनुक चालू करतो. प्रत्येक ठिकाणी कळ दाबली की तिचा लगामही घडतो. चालू होणाऱ्या बाकी जनुकांच्या याद्या मासा बदलला, अवयव बदलला की बदलतात. कळ आणि लगाम ही जोडी मात्र सुटत नाही. हे वेगवेगळ्या कामांतून मी लावलेले सूत्र आहे, पण त्याला विरोध करणारे उदाहरण शोधायला गेलो तर फार कष्ट पडतात.

कॉर्टिसॉलचा उंबरठा किती हलतो, याचा पुरावा इंग्लंडमधल्या विंडरमियरजवळ टॉम पॉटिंजर यांनी दिला. त्यांनी रेनबो ट्राउटना तीन तास कोंडून ठेवले, ज्यांचे कॉर्टिसॉल फार चढले त्यांचा एक वंश केला आणि ज्यांचे कमी चढले त्यांचा दुसरा. पुढची पिढी आईबापांवर गेली. कमी चढणारे मासे जोडीच्या झुंजीत बहुतेक वेळा वरचढ ठरले आणि शिकलेली गोष्ट त्यांच्या जास्त दिवस लक्षात राहिली. तीच कळ, तीच साखळी, आणि एका पिढीच्या निवडीत उत्तराची उंची बदलली. निसर्गात हे केवढ्या टोकाला जाऊ शकते ते प्रशांत महासागरातल्या सामनमध्ये दिसते. अंडी घालायला नदीत चढताना त्यांचे कॉर्टिसॉल चढते आणि चढलेलेच राहते, ऊती झिजतात, प्रतिकारशक्ती ढासळते आणि विणीनंतर मासा मरतो.

आता उष्णता. १९६२ मध्ये फेरुच्चो रितोसा यांना फळमाशीच्या गुणसूत्रांवर उष्णतेने फुगवटे आलेले दिसले आणि या शाखेचा उगम झाला. तिथून माशांपर्यंतचा प्रवास सांगत बसत नाही. एवढेच सांगतो की एचएसएफ-१ डीएनएवर जी, ए, ए या तीन अक्षरांचे तुकडे उलटसुलट मांडलेले शोधते, आणि ही खूण यीस्टपासून माणसापर्यंत तीच आहे. झेब्राफिशच्या प्रयोगशाळांत तर ती रोजच्या वापरातले साधन झाली आहे. एचएसपी-७०चा नियामक तुकडा हव्या त्या जनुकापुढे जोडायचा, एरवी २८.५ अंशांवर वाढणारी पिल्ले तासभर ३७-३८ अंशांच्या पाण्यात ठेवायची, की ते जनुक चालू.

पण टिकलेल्या खुणेवर किती भरवसा ठेवायचा, ते अंटार्क्टिकाने शिकवले. ट्रेमाटोमस बर्नाकी हा मासा ५-६ अंशांच्या पाण्यात मरतो. आपल्या फ्रिजमधले पाणी त्याला ऊन आहे. २००० साली ग्रेचेन हॉफमन, जॉर्ज सोमेरो आणि सहकाऱ्यांनी त्याला हळूहळू ऊब दिली आणि एचएसपी-७० वाढण्याची वाट पाहिली. ते वाढले नाही. जीवसृष्टीत जवळपास सर्वत्र सापडणारे उत्तर या माशात नव्हते. पुढच्या काही वर्षांत खोलात गेल्यावर चित्र अधिक चमत्कारिक झाले. जनुक हरवलेले नाही. एचएसएफ-१ही आहे. उलट एरवी फक्त संकटात चालू होणारे एचएसपी-७० या माशात कायमच चालू आहे. शून्याखालच्या थंडीत प्रथिनांच्या घड्या नीट पडत नाहीत, त्यामुळे सावरणाऱ्या प्रथिनांची गरज त्याला रोजचीच आहे, असा त्याचा अर्थ लावला जातो. टाकाऊ म्हणून खूण केलेली प्रथिनेही या माशांच्या पेशींत जास्त आढळतात, आणि ते या अर्थाशी जुळते. कळ कायमची दाबलेली राहिली आणि मग ती दाबण्याची सोयच गेली.

हा एका कुळाचा अपवाद असता तर सोडून देता आला असता. पण त्याच समुद्रात लायकोडिक्थिस डिअरबॉर्नी नावाचा, ट्रेमाटोमसशी फार दूरचे नाते असलेला ईलपाउट राहतो, आणि त्याच्यातही एचएसपी-७० कायम चालू सापडले. दोन वेगवेगळी घराणी थंडीत उतरली आणि दोन्ही एकाच ठिकाणी पोचली. समुद्र तापू लागल्यावर या माशांचे काय होईल, हा प्रश्न त्यामुळे तापमानाच्या आलेखापुरता राहत नाही. वाढत्या उष्णतेला द्यायचे जे उत्तर पेशीकडे असते, ते त्यांनी गमावले आहे.

याच्या अगदी उलट कॅलिफोर्नियाच्या खाजणातला गिलिक्थिस हा गोबी. भरतीओहोटीत त्याचे पाणी दिवसात कित्येक अंश वरखाली होते. १९९२ मध्ये डिट्झ आणि सोमेरो यांनी दाखवले की एचएसपी-९० चालू होण्याचा त्याचा उंबरठा ऋतूप्रमाणे सरकतो. उन्हाळ्यात पकडलेल्या माशात तो हिवाळ्यातल्यापेक्षा वर असतो. इथे जनुकाचे एक अक्षरही बदललेले नाही. पेशीत सावरणाऱ्या प्रथिनांचा साठा किती आहे आणि एचएसएफ-१ला धरून ठेवायला किती हात मोकळे आहेत, यावर कळ केव्हा सुटायची ते ठरते. वू यांच्या फळमाशीच्या पेशीतही हेच झाले होते, असे मी समजतो. उंबरठा पेशीच्या एकूण प्रकृतीत असतो, एकट्या कळीच्या प्रथिनात तो शोधून सापडत नाही.

याच गोबीवर २००१ मध्ये आणखी एक महत्त्वाचे काम झाले. पाण्यातला प्राणवायू कमी करून त्याच्या अवयवांत हजारो जनुकांची हालचाल एकाच वेळी मोजली गेली. जनुकसंच वाचलेला नसलेल्या प्राण्यावर असा प्रयोग तेव्हा धाडसाचाच होता. स्नायूंनी प्रथिने बनवणे आणि हालचालीचा खर्च आवरला, तर यकृताने साखर बनवण्याची आणि लोहाच्या व्यवहाराची जनुके वाढवली. एकाच माशात, एकाच वेळी, एकाच ताणाला दोन अवयवांची उत्तरे दोन. याद्यांची तुलना करून ‘टिकले’ किंवा ‘टिकले नाही’ म्हणणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यावे. एकाने कल्ले तपासले, दुसऱ्याने यकृत, एकाने तासाभरानंतर, दुसऱ्याने चार दिवसांनी, आणि मग याद्या जुळल्या नाहीत तर दोष उत्क्रांतीचा धरला जातो.

प्राणवायूची मुख्य कळ एचआयएफ. तिच्यावरच्या कामासाठी सेमेन्झा, रॅटक्लिफ आणि केलिन यांना २०१९चे नोबेल मिळाले. तीच कळ ट्राउटमध्ये २००१ मध्येच वाचली गेली होती. पण प्राणवायूशिवाय जगण्यात ज्याचा हात कुणी धरू शकत नाही त्या क्रुशन कार्पची करामत वेगळ्याच ठिकाणी आहे. बर्फाखालच्या तळ्यात हा मासा महिनोन्‌महिने प्राणवायूविना काढतो, कारण शरीरात साठणाऱ्या लॅक्टिक आम्लाचे तो मद्यार्कात रूपांतर करून ते कल्ल्यांतून पाण्यात सोडून देतो. २०१७ मध्ये ओस्लो आणि लिव्हरपूलच्या संशोधकांनी यामागचे विकर दाखवले. जनुकसंच दुपटीला गेला तेव्हा एका नेहमीच्या विकराची जास्तीची प्रत उरली आणि तिला हे काम लागले. कार्प कुळाच्या या यशाचे श्रेय जुन्या कळीच्या शेजारी उभ्या राहिलेल्या नव्या कामगाराला आहे.

विषाच्या बाबतीत मासे आणखी स्पष्ट बोलतात. कॅडमियम, जस्त यांसारख्या धातूंना उत्तर देणारे एमटीएफ-१ हे प्रथिन १९९९ मध्ये झुरिचमध्ये फुगु माशातून वेगळे केले गेले. त्याचा डीएनएला पकडणारा भाग सस्तन प्राण्यांच्या प्रथिनाशी फार जुळतो. ऑक्सिडेशनच्या ताणाला उत्तर देणारी एनआरएफ-२ आणि कीप-१ ही जोडी जपानमध्ये मासायुकी यामामोतो यांच्या गटाने झेब्राफिशमध्ये तशीच दाखवली. इथपर्यंत कथा सरळ आहे. एएचआरपाशी ती वळते. हा ग्राही कीटकांत आणि शिंपल्यांतही आहे, पण तिथे तो डायॉक्सिनला घट्ट धरत नाही. विषाचा पहारेकरी ही भूमिका त्याला पृष्ठवंशीयांत मिळाली. म्हणजे कळ फार जुनी आणि तिचे हे काम त्यामानाने नवे. आणि डायॉक्सिन, पीसीबी यांसारख्या रसायनांपुढे हा पहारेकरीच घात करतो. तो एकदा जागा झाला की झोपत नाही, आणि गर्भाच्या हृदयाची वाढ बिघडते.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर न्यू बेडफर्ड, ब्रिजपोर्ट, नेवार्क आणि व्हर्जिनियातली एलिझाबेथ नदी ही चार ठिकाणे विसाव्या शतकात कारखान्यांनी विषाने भरून टाकली. तिथे बोटभर लांबीचा ॲटलांटिक किलिफिश अजून जगतो. स्वच्छ पाण्यातल्या भाऊबंदांना मारणाऱ्या मात्रेच्या ८,००० पटींपर्यंत विष तो सहन करतो. अँड्र्यू व्हाइटहेड यांच्या गटाने २०१६ मध्ये ३८४ माशांचे जनुकसंच वाचले. चारही ठिकाणी निवडीचा घाव मुख्यतः एएचआरच्या मार्गावर पडला होता, पण तपशील ठिकाणागणिक निराळे होते. कुठे ग्राहीच्या जनुकाचा तुकडाच गळाला, कुठे त्याच्या जोडीदार प्रथिनात बदल झाला. हडसन नदीतल्या टॉमकॉड या माशात ग्राहीच्या जनुकातली फक्त सहा अक्षरे, म्हणजे प्रथिनातली दोन अमिनो आम्ले, गळून गेली, आणि तेवढ्याने ग्राही पीसीबीला ओळखेनासा झाला. हडसनकाठच्या दोन कारखान्यांतून पीसीबी नदीत जायला १९४७ मध्ये सुरुवात झाली होती. कोट्यवधी वर्षे टिकलेली कळ काही दशकांत बोथट झाली.

ही बातमी आली तेव्हा ‘निसर्ग जुळवून घेतो’ असा दिलासा काहींनी त्यातून काढला. मला तो पटत नाही. किलिफिश संख्येने अफाट आहे, त्याच्या जनुकांत विविधता अफाट आहे, म्हणून त्याला हे जमले. शिवाय एलिझाबेथ नदीतल्या प्रतिकारक्षम माशांची पिल्ले कमी प्राणवायू आणि सूर्यप्रकाशाने तीव्र होणारे विष यांपुढे जास्त दुबळी ठरली. एक लगाम कायमचा ओढून धरण्याची किंमत दुसऱ्या ताणाच्या वेळी चुकवावी लागते. मोजके मासे आणि लहानशी नदी असलेल्या जातीकडे अशी किंमत देण्याइतके भांडवल नसते.

आता सर्वांत अवघड भाग, तो म्हणजे जनुकांच्या पुढेमागे असलेला नियामक डीएनए. फुगुचा जनुकसंच माणसाच्या साधारण आठव्या हिश्श्याएवढा, म्हणून १९९३ मध्ये सिडनी ब्रेनर यांनी तो वाचण्याचा आग्रह धरला. २००५ मध्ये फुगु आणि माणूस यांची तुलना करून ग्रेग एल्गर यांच्या गटाने सुमारे १,४०० असे तुकडे काढले, जे प्रथिन बनवत नाहीत तरी जवळपास तसेच टिकले आहेत. पण हे तुकडे गर्भाची घडण करणाऱ्या जनुकांभोवती दाटलेले आहेत. ताणाला उत्तर देणारी जनुके त्या यादीत ठळक नाहीत. ज्या यंत्रणेला आपण प्राचीन म्हणतो तिचा नियामक डीएनए असा पुसट कसा?

उत्तर अक्षरांच्या संख्येत आहे. कॉर्टिसॉलचा ग्राही सहा-सहा अक्षरांचे दोन तुकडे आणि मध्ये तीन अक्षरांची मोकळी जागा ओळखतो, आणि त्यातही काही अक्षरे इकडेतिकडे झालेली त्याला चालतात. एचआयएफला तर जेमतेम पाच अक्षरे पुरतात. डीएनएत चार अक्षरे आहेत, त्यामुळे पाच अक्षरांचा ठराविक शब्द केवळ योगायोगाने दर हजार अक्षरांत एकदा येतो आणि सहा अक्षरांचा दर ४,०९६ अक्षरांत. एक खूण झिजली तर शेजारी दुसरी आपोआप उगवायला फार काळ लागत नाही. जनुक त्याच कळीला जोडलेले राहते आणि जोडणीची जागा मात्र सरकत जाते. गर्भाची घडण करणाऱ्या नियामकांत अनेक प्रथिनांना एकमेकांना खेटून बसायचे असते, तिथे अक्षर हलले की सगळी बैठक मोडते. ताणाच्या जनुकांना इतकी काटेकोर मांडणी लागत नाही. त्यामुळे दोन माशांचे क्रम एकाखाली एक ठेवून नियमन टिकले की नाही ते ठरवण्याची पद्धत इथे फसते. कळीचे प्रथिन प्रत्यक्ष कुठे बसले आहे ते जिवंत पेशीत पाहावे लागते, आणि तसे काम झेब्राफिशबाहेर फार थोड्या माशांवर झाले आहे.

या सगळ्याचा व्यवहारात संबंध येतो तो पाण्याच्या परीक्षेत. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेची २०१३ची २३६ क्रमांकाची चाचणी झेब्राफिशच्या अंड्यांवर ९६ तास चालते, आणि रसायन किती घातक हे तिच्यावरून ठरते. झेब्राफिश आपल्या उपखंडाचीच. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ मध्ये गंगेच्या माशांवरच्या ग्रंथात तिचे पहिले वर्णन केले. रानातली झेब्राफिश हिवाळ्यात ६ अंश आणि उन्हाळ्यात ३८ अंश अशा पाण्यांत आढळली आहे, तर चाचणीतली पिढ्यान्‌पिढ्या काचेत, जवळपास एकाच तापमानात वाढलेली. तिने दिलेले उत्तर ‘हे रसायन कोणती कळ दाबते’ या प्रश्नापुरते विश्वासाचे आहे. ‘किती मात्रेला दाबते’ हे रोहू, मरळ किंवा महसीरसाठी तिला विचारणे चुकीचे आहे, आणि मात्रेच्या मर्यादा तर त्याच आकड्यांवर उभ्या असतात.

मुंबईत वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेत रोहूला वेगवेगळ्या तापमानांना सरावून एचएसपी-७० आणि उष्णता सोसण्याची हद्द मोजण्याचे काम झाले आहे. दिशा तीच हवी, जाती वाढायला हव्यात. सह्याद्रीच्या पूर्वेला उतरणाऱ्या नद्यांत अशा कित्येक जाती आहेत ज्या जगात दुसरीकडे नाहीत. त्यांचा जनुकसंच वाचणे आता महाग राहिलेले नाही, आणि तो वाचल्यावर एचएसएफ-१, एचआयएफ, कॉर्टिसॉलचे ग्राही ओळखीचेच निघतील, याबद्दल मला शंका नाही. उंबरठा त्या क्रमात लिहिलेला सापडणार नाही. त्यासाठी त्याच नदीतला मासा पौषात आणि वैशाखात, दोन्ही वेळा पकडून, कल्ले आणि यकृत वेगवेगळे तपासून, एफकेबीपी-५ आणि एचएसपी-७० किती अंशांना आणि किती मात्रेला वर जातात ते मोजावे लागेल.